मळखाऊ

सेलूला, रेल्वेरुळाच्या अलीकडं,
दोन खोल्या, एक पडवी, वर स्लॅब.
पत्रा नाही, स्लॅब.
हे मी दोनदा सांगते. सांगू द्या.

दार-खिडक्या लोखंडी, परभणीहून टेम्पोत आल्या
तांबडा प्रायमर लावून,
आणि सहा महिने तशाच राहिल्या,
कारण घरात माणसं तीन आणि मतं पाच.

ह्यांचं एकच : चॉकलेटी.
मोंढ्यात मापाडी आहेत, जन्म धुळीत गेला,
रंग म्हटलं की आधी मळ बघतात.
"चॉकलेटी मळखाऊ असतो."
पोरगी नांदेडहून फोनवर :
"ग्रे करा ना आई, सगळे ग्रेच करायलेत."
लहानपणी चुलीतून रोज पाटीभर काढून
उकिरड्यावर टाकला तो रंग.
आता डब्यातून विकत आणायचा का, बाई?

मुनीर पेंटर कार्ड घेऊन आला.
नखाएवढे चौकोन,
एकेकाला नवरीसारखं नटवलेलं नाव.
मी म्हणाले, हिरवा? तो नुसता हसला.
निळा? त्यानं गल्लीच्या तोंडाकडं बघितलं, झेंड्याकडं.
भगवा मी विचारलाच नाही.
"भाभी, आजकाल लोक रंगाला आधी आडनाव विचारतेत,"
तो म्हणाला, "मी आपला ब्रश मारतो."

मला कार्ड कळत नाही असं नाही,
पण माझे रंग रिळांवर असतात.
बावीस वर्षं फॉल-पिको करते.
चारशे रिळं, खोक्यात नंबरानं लावलेली.
साडी अंगणात नेते, उन्हात दोरा धरते,
ट्यूबलाइट खोटं बोलते म्हणून.
दोरा साडीत बुडला पाहिजे.
दिसला, की बाई परत आलीच : "वैनी, हे काय हो?"
न दिसण्याचे पैसे आहेत माझे,
साडीमागं पन्नास.

म्हणजे बघा,
बावीस वर्षांत मला कुणी
दिसणारा रंग विचारलाच नव्हता.

रात्री खोकं घेऊन दारापुढं बसले.
लोखंड दिवसभर ऊन प्यालेलं,
नऊ वाजले तरी हाताला चटका.
एकेक रीळ उलगडून प्रायमरवर धरलं.
रामा : कुसुमच्या ओटभरणाचा.
आमसुली : डिग्रसकर बाई रिटायर झाल्या त्या दिवशीचा.
मोतिया : ह्याचे मी पैसे घेतले नव्हते.
जो रंग काढावा तो कुणाच्या तरी अंगावरचा.
दुसऱ्याच्या अंगावरचं
आपल्या दाराला कसं नेसवायचं?

तळाशी दोनशे चौदा.
अकरा वर्षांमागं जालन्याच्या माणसानं
डझनात घुसडून दिलेलं.
पिकून फुटायला आलेलं जांभूळ,
आतून जरासं तांबडं.
अशी साडी कुणी आणलीच नाही.
रिळाचं पोट अजून भरलेलं.

मुनीरनं तीनदा मिसळलं.
पहिल्यांदा वांगं झालं, दुसऱ्यांदा शाई.
तो वैतागला, बिडी ओढून आला.
तिसऱ्यांदा मी डब्यावर दोरा धरला
आणि दोरा बुडाला.
"झालं," मी म्हणाले,
आणि एवढ्या मोठ्यानं म्हणाले
की शेजारची बाहेर आली.

ह्यांनी संध्याकाळी येऊन चप्पल काढलीच नाही.
पापणीवर तुरीची धूळ,
उभे राहिले, बघत राहिले.
पॅसेंजर येऊन गेली तेवढा वेळ.
"मळ दिसंल ह्याच्यावर."
"दिसू द्या."

डबा दारात आणि मोठ्या खिडकीतच संपला.
लहान खिडकी अजून प्रायमरात आहे,
मशीन मी तिच्याचखाली ठेवलंय.
दारावर कडीपाशी चार बोटं उठलीत,
रंग ओला असताना लावलेली,
जाड, मापाड्याची.
विचारलं तर
मुनीरवर ढकलतात.